सत्यकामाचे गोत्र आणि आपले रेसिडेंट कार्ड

॥ श्री गणेशाय नमः ॥



यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपले प्राचीन तत्त्वज्ञान आणि आजच्या भारतीयाची ओळख’ या विषयावर काही लिहा, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय एवढा मोठा की त्यावर ग्रंथ लिहावा लागेल, आणि तो काही माझा अधिकार नव्हे. मी शास्त्री नाही की पंडिता नाही. दर शुक्रवारी सकाळी दहा-पंधरा मुलांना जमवून श्लोक, गोष्टी आणि थोडे मराठी वाचन घेणारी एक गृहिणी आहे. (पूर्वी हा वर्ग गुरुवारी असे. २०१३ च्या मे महिन्यात इथली साप्ताहिक सुटी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली आणि आमच्या वर्गाचाही वार बदलला.) तेव्हा हे प्रवचन म्हणा, नाही तर वर्गातल्या गप्पा म्हणा, गोड मानून घ्यावे.

ओळख म्हटले की आपल्याला इथे सर्वांत आधी काय आठवते? रेसिडेंट कार्ड! बँकेत जा, इस्पितळात जा, विमानतळावर जा, पर्समधून ते पहिले बाहेर येते. त्यावर नाव असते, राष्ट्रीयत्व असते, जन्मतारीख असते आणि मुदत कधी संपणार ती तारीख असते. मला विचाराल तर त्या कार्डावरची सर्वांत बोलकी ओळ ती शेवटचीच. कोणी इथे पाच वर्षे राहतो, कोणी तीस. मुलांचे सारे बालपण इथे जाते आणि मग एके दिवशी सामान कंटेनरमध्ये भरून आपण निघतो. कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, कोणी मुलांच्या मागे थेट कॅनडाला. गाव बदलते, पत्ता बदलतो, कार्डही बदलते. मग जे बदलत नाही, ज्याला मुदत नाही, असे आपल्यात काय आहे? उपनिषदांतल्या ऋषींनी हा प्रश्न अरण्यात बसून विचारला, आपल्याला तो वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये पडतो, एवढाच काय तो फरक!

मोठ्यांना हा प्रश्न निवृत्ती जवळ आल्यावर पडतो. मुलांना मात्र तो फार लवकर पडतो आणि तोही परक्या माणसाकडून. आमच्या वर्गातल्या आठवीतल्या एका मुलाने शाळेच्या सांस्कृतिक दिवसासाठी सुंदर तक्ता केला होता. त्यावर मोदक होता, लेझीम होते, नऊवारी होती, शिवाजी महाराज होते, पंढरीची वारी होती. शेजारच्या टेबलावर त्याचा एक ओमानी मित्र उभा होता, डिशडाशा आणि कुम्मा घालून, समोर खजूर आणि काहव्याचा थर्मास घेऊन. त्या मित्राने तक्ता नीट पाहिला आणि अगदी निर्मळ मनाने विचारले, “हे सगळे छान आहे, पण तुम्ही लोक मानता काय?” मुलाने पुढच्या शुक्रवारी तो प्रश्न जसाच्या तसा माझ्यापुढे ठेवला. “काकू, आपण मानतो काय?”

मंडळी, एका वाक्यात उत्तर द्या बघू! मोदक आपण खातो, लेझीम आपण खेळतो, नऊवारी आपण नेसतो. पण मानतो काय?

यावर आपल्या मंडळींत दोन सोपी उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की जगात जे जे म्हणून आहे ते आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते. विमान आपले, अणू आपला, शस्त्रक्रिया आपली. फोनवर रोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर असले काही तरी येतेच. यातले काही खरे आहे. सुश्रुताची शस्त्रक्रिया खरी आहे, शून्य खरे आहे. पण पुष्कळसे ऐकीव असते, आणि आपली मुले शाळेत विज्ञान शिकतात. पाच मिनिटांत ती खरेखोटे तपासून पाहतात, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या शंभर खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडतो. दुसरे उत्तर याच्या अगदी उलटे: हे सारे जुने झाले, सण साजरे करावेत, फोटो काढावेत, बाकी तत्त्वज्ञान वगैरे म्हातारपणी बघू. हे उत्तर देणारे घरही सज्जनच असते. पण त्या घरातल्या मुलाला मित्राच्या प्रश्नापुढे गप्प बसावे लागते.

मी त्या दिवशी मुलाला उत्तर दिले नाही. एक गोष्ट सांगितली, ती इथे थोडी विस्ताराने सांगते.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम नावाचा एक मुलगा आहे. त्याला गुरूंकडे जाऊन शिकायचे आहे. त्या काळी आश्रमात प्रवेश घेताना पहिला प्रश्न गोत्राचा असे. म्हणजे आजच्या भाषेत, तुझे आडनाव काय, घराणे कोणते, वडील कोण. सत्यकाम आईला विचारतो, “आई, माझे गोत्र कोणते?” आईचे नाव जबाला. ती सांगते, “बाळा, मला माहीत नाही. तरुणपणी मी अनेक घरी सेवेला होते, त्या धावपळीत तू मला झालास. तुझे गोत्र कोणते ते मी जाणत नाही. माझे नाव जबाला, तुझे नाव सत्यकाम. तू आपला सत्यकाम जाबाल असेच सांग.”

जरा थांबून विचार करा. त्या आईपुढे खोटे बोलण्याचे किती मार्ग मोकळे होते! कुठल्याही प्रतिष्ठित कुळाचे नाव सांगता आले असते, अरण्यातल्या आश्रमात कोण पडताळून पाहणार होते? आणि मुलापुढेही तोच मोह होता. तो गौतम हारिद्रुमत या आचार्यांकडे जातो, ते गोत्र विचारतात, आणि हा पोरगा आई जे बोलली ते शब्दन् शब्द सर्वांसमोर सांगून टाकतो. आश्रमात त्या वेळी इतर शिष्य बसले असतील, त्यांच्या भुवया उंचावल्या असतील. आचार्य मात्र म्हणतात की असे बोलणे ब्राह्मणावाचून दुसऱ्याला जमणार नाही. समिधा घेऊन ये बाळ, मी तुझे उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस.

आचार्यांच्या या उद्गाराचे दोन अर्थ लावतात. कोणी म्हणतात, खरे बोलला म्हणजे हा जन्माने ब्राह्मणच असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. कोणी म्हणतात, जो खरे बोलतो त्यालाच ब्राह्मण म्हणावे, असा त्यांनी निवाडा दिला. पंडितांचा वाद पंडितांना लखलाभ! मला दुसरा अर्थ भावतो, आणि त्याचे कारण गोष्टीतच आहे. पुढे हाच सत्यकाम जाबाल स्वतः आचार्य होतो, आणि उपनिषद त्याला शेवटपर्यंत आईच्या नावानेच ओळखते. त्याचे गोत्र काय, ते कोणी शोधून काढले नाही. शोधण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

गोष्ट संपल्यावर वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने विचारले, “काकू, जबाला म्हणजे आपल्या घरी काम करायला येतात त्या ताईंसारखी होती का?” मी “हो” म्हटले आणि पुढे काही बोलले नाही. पण तो प्रश्न मी घरी घेऊन आले. त्याच्याकडे नंतर वळते.

आता उपनिषदातून महाराष्ट्रात येऊ, कारण आपण भारतीय आहोत ते मराठी वाटेने. उपनिषदे आणि गीता संस्कृतात होती. ती ज्यांच्या तोंडून आपल्या भाषेत आली त्यांचीही गोष्ट सत्यकामापेक्षा फार वेगळी नाही. ज्ञानेश्वरादी चार भावंडे संन्याशाची मुले म्हणून समाजाबाहेर टाकलेली. मुंज नाही, गोत्र नाही, गावात थारा नाही. शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मपीठापुढे उभे राहावे लागले, असे परंपरा सांगते. त्यांतल्या एकाने, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, प्रवरेकाठी नेवाशाला एका खांबाला टेकून गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. साल १२९०. आपल्या मुलांचे दहावीचे वय ते! नेवाशाचा तो पैस खांब आजही दाखवतात. सुटीत शिर्डीला जाणाऱ्या मंडळींनी थोडी वाकडी वाट करून तो मुलांना अवश्य दाखवावा.

इथे मला ओमानमधलीच एक गोष्ट आठवते. निझवाच्या सहलीत आपण सर्वांनी फलज दारिस पाहिला असेल. ओमानच्या ज्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यांतला हा एक. डोंगराच्या पोटात मुख्य विहीर असते, तिला फलजची आई म्हणतात. तिथून भुयारातून आणि पाटातून पाणी गावात येते. आधी पिण्याचे पाणी भरायचे, मग इतर वापराचे, मग खजुरीच्या बागांना, आणि बागांतली पाळी वेळ मोजून लावलेली असते. आई कितीही भरलेली असली तरी पाट बुजला की खजूर वाळतो, म्हणून गाव मिळून तो उपसून साफ ठेवते. ज्ञानदेवांनी हा पाट खणला. उपनिषदांचे पाणी देशभाषेच्या शेतात आणले. नामदेव, जनाबाई, चोखोबा, सेना, सावता, गोरोबा, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, अशी नावे घ्यावीत तेवढी थोडी. शिंपी, दासी, महार, न्हावी, माळी, कुंभार, सगळ्यांनी त्या पाण्यावर आपापला मळा फुलवला. इतक्या निरनिराळ्या हातांनी एकच ब्रह्मविद्या आपापल्या भाषेत लिहिलेली आहे, ही माझ्या मते मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी पहिली गोष्ट.

आणि तरीही, मंडळी, पाट एका ठिकाणी बुजलेलाच राहिला. तेही सांगितले पाहिजे. उत्सवाच्या अंकात हे कशाला, असे कोणी म्हणेल, पण मुले आपल्याला हेच विचारतात.

चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, पण कुठे? महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. ज्यांचे अभंग वारकरी गातात ते स्वतः उंबरठ्याच्या आत जाऊ शकले नाहीत, आणि त्यांच्यानंतर सहाशे वर्षे त्यांच्या समाजालाही ती मुभा मिळाली नाही. सर्वांच्या ठायी एकच आत्मा, हे प्रवचन आत चालू होते आणि श्रोते बाहेर उभे होते!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका इथेच बोट ठेवून प्रश्न विचारला. १९३६ मध्ये लाहोरच्या संमेलनासाठी तयार केलेले आणि संमेलनच रद्द झाल्याने पुस्तकरूपाने आलेले त्यांचे ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण आहे. त्यात ते हिंदूंना सांगतात की स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना जुळणारी तत्त्वे हवी असतील तर ती परक्यांकडून आणण्याची कदाचित गरज नाही, तुम्हाला ती उपनिषदांतून घेता येतील असे मी ऐकतो. त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या लेखनात ते आणखी रोखठोक विचारतात. प्रत्येकात तेच ब्रह्म आहे, या सिद्धान्ताइतका लोकशाहीला भक्कम पाया दुसरा कोणता? मग त्यातून समाजाची नवी रचना का उभी राहिली नाही? ज्या ऋषींना ब्रह्म सापडले त्यांना शेजारचा माणूस का सापडला नाही? शब्द माझे आहेत, पण आशय त्यांचा. बाबासाहेब पुढे वेगळ्या वाटेने गेले, ती वाट त्यांनी विचारपूर्वक निवडली. पण त्यांचा प्रश्न आपल्या दारात ठेवलेला आहे, आणि जो हिंदू तत्त्वज्ञानाचा अभिमान सांगतो त्याला तो ओलांडून पुढे जाता येत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात कोणी आचरणाने उत्तर दिले का? दिले. ती हकीकत आपल्या मुलांना ठाऊक नसते, म्हणून सविस्तर सांगते.

विनोबा भावे मूळचे कुलाबा जिल्ह्यातील, आताच्या रायगडातील, गागोद्याचे. त्यांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते. तूच का नाही मराठीत करत, असे ती मुलाला म्हणाली होती. आई १९१८ मध्ये गेली. तिची इच्छा मुलाने ७ ऑक्टोबर १९३० रोजी हाती घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ‘गीताई’ पूर्ण झाली. त्याच १९३० च्या २ मार्चला नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. एकाच वर्षी एक मुलगा आईला गीता कळावी म्हणून पहाटे उठून श्लोक जुळवतो आहे आणि हजारो आया-मुले देवळाच्या बंद दारापुढे उभी आहेत. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वेगवेगळी प्रकरणे असतात. मला ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. राजकीय कैद्यांनी आग्रह धरला आणि २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. अठरा रविवार, अठरा अध्याय. १९ जूनला शेवटचे प्रवचन झाले. समोर कोण होते? सत्याग्रही, कार्यकर्ते, साधे कैदी. विनोबांनी भाष्यकारांच्या मतभेदांचा पसारा मांडला नाही, शेती, स्वयंपाक, सूतकताई, आईची आठवण अशा दाखल्यांतून गीता सांगितली. आणि हे सगळे भराभर उतरून घेणारा एक कैदी त्या श्रोत्यांत होता, पांडुरंग सदाशिव साने. आपले साने गुरुजी! त्यांच्या लेखणीमुळे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आज आपल्या हातात आहे.

साने गुरुजींना आपण ‘श्यामची आई’पुरते ओळखतो. ते तत्त्वज्ञानाचे पदवीधर होते आणि खानदेशात अमळनेरला श्रीमंत प्रतापशेटजींनी उभारलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यासासाठी राहिले होते, हे फारसे कोणाला माहीत नसते. पुस्तकी वेदान्तात ते रमले नाहीत आणि शाळेत मास्तर झाले, मुलांची अंथरुणे घालू लागले. धुळ्याला गीता उतरवून घेतल्यानंतर पंधरा वर्षांनी, देशाला स्वातंत्र्य मिळायला तीन-साडेतीन महिने उरलेले असताना, १ मे १९४७ रोजी हा माणूस पंढरपुरात उपोषणाला बसला. मागणी एकच, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले करा. त्याआधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांना विनवले होते. विरोध करणारे विद्वान होते, धर्म बुडेल म्हणणारे होते. गुरुजी म्हणजे एरवी डोळ्यांत पाणी आणणारा हळवा माणूस, पण या वेळी तो हलला नाही. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि त्यांनी उपोषण सोडले.

चोखोबांच्या समाधीपासून गाभाऱ्यापर्यंतचे ते अंतर पायी चालायला किती लागते? दोन-चार मिनिटे. तेवढे चालायला आपल्या समाजाला सहाशे नऊ वर्षे लागली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर सापडते. “आपण मानतो काय?” तर बाळा, आपण असे मानतो की तुझ्यात जे आहे तेच समोरच्यात आहे, आणि जो हे मानतो तो समोरच्याला दाराबाहेर उभा ठेवत नाही. ज्या दिवशी ठेवतो त्या दिवशी तो ते मानत नाही, मग त्याला उपनिषदे तोंडपाठ असली तरी. ही ओळख सांगायला मित्राचा धर्म कमी लेखावा लागत नाही. विमान कोणी शोधले याचा वाद घालावा लागत नाही. गोत्र सांगता आले नाही तरी चालते. मस्कतहून टोरांटोला गेलात तरी ती सामानात वजन घेत नाही.

आपण ओमानमध्ये राहणाऱ्यांनी तर हे अधिक नीट समजून घ्यायला हवे, कारण आपण इथे ज्या सुखाने आरती करतो ते सुख आपल्याला दुसऱ्याने दार उघडे ठेवल्यामुळे मिळाले आहे. १७६५ मध्ये कार्स्टेन नीबुर हा प्रवासी मस्कतला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथे बाराशेहून कमी नसतील इतके हिंदू व्यापारी राहतात, त्यांना आपल्या रीतीरिवाजांप्रमाणे राहता येते, बायकामुले आणता येतात, घरात मूर्ती ठेवता येतात आणि मृतांना अग्नी देता येतो. पंढरीचे दार उघडायला अजून १८२ वर्षे होती, त्या काळची ही गोष्ट! पुढे कच्छच्या मांडवीहून आलेल्या भाटिया मंडळींनी इथे पाय रोवले. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याच्या परिसरात मोतीश्वराचे मंदिर आहे, दारसेतला श्रीकृष्णाचे मंदिर आहे. महाशिवरात्रीला मोतीश्वरापुढे रांगेत उभे राहताना माझ्या मनात नेहमी येते की यजमानाने पाहुण्याच्या देवाला आपल्या घराशेजारी जागा दिली. त्याच्या श्रद्धेत मूर्तिपूजा बसत नाही, तरी दिली.

म्हणून त्या लहान मुलीचा प्रश्न मला सोडत नाही. जबाला म्हणजे घरी काम करायला येणाऱ्या ताईंसारखी होती का? होती, बाळ. अगदी तशीच. अनेकांच्या घरी राबणारी, मुलाच्या शिक्षणासाठी जीव टाकणारी. मग ती आपल्या घरी येते तेव्हा तिचा कप वेगळा का असतो? सगळ्यांच्या घरी नसतो, हे मला ठाऊक आहे. पण काही घरांत असतो. ओट्याखालच्या कप्प्यात, उलटा घालून ठेवलेला. त्याच घरात बैठकीच्या भिंतीवर गीतोपदेशाचे चित्र असते. ताईंचे नाव काय, त्या आंध्रातल्या की श्रीलंकेतल्या, त्यांची मुले कुठे शिकतात, हे आपल्या मुलांना माहीत नसते. इमारतीखाली पंचेचाळीस अंशांत गाड्या पुसणारा पोरगा कोणत्या गावचा, तेही नाही. आपण कोणाचे वाईट करत नाही, पगार वेळेवर देतो, सणाला साडी देतो. पण मुले कप पाहत असतात.

कठोपनिषदातला नचिकेत असाच पाहत होता. वडील यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गायी दान करत होते आणि त्याला ते खुपले. “मला कोणाला देणार?” असे त्याने तीनदा विचारले आणि वडील रागावले. पुढची यमाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण मला ती पहिली चार वाक्येच जास्त धारदार वाटतात. मुलांच्या अशा प्रश्नावर रागावायचे नाही, एवढे तरी आपण त्या वडिलांच्या उदाहरणावरून शिकू शकतो.

महाप्रसादाबद्दलही दोन शब्द. उत्सवाच्या दिवशी कामगार वसाहतीतून आपले कितीतरी बांधव येतात. मांडव घालणारे तेच, जड भांडी उचलणारे तेच, आणि पंगतीत शेवटी बसणारेही बहुधा तेच. त्यांतले कित्येक विदर्भ-मराठवाड्यातले, काही तेलंगणाचे, काही बिहारचे. दीड-दोन वर्षे त्यांनी घरचे जेवण पाहिलेले नसते. कार्यकारिणीला माझी विनंती आहे, आणि ती मी बैठकीतही मांडली आहे, की यंदा पहिल्या पंगतीत निम्मी पाने त्यांची असावीत आणि वाढायला आमच्या वर्गातली मुले असावीत. मुलांनी प्रत्येकाला नाव आणि गाव विचारून वाढायचे. पानात वरण सांडेल, मोदक कमी-जास्त पडतील, ते सांभाळून घ्यावे.

शुक्रवारच्या वर्गाबद्दल सांगून लेख पुरा करते. विसर्जनानंतर येणाऱ्या पहिल्या शुक्रवारपासून आम्ही ‘गीता प्रवचने’ वाचायला घेत आहोत. धुळ्याला अठरा रविवार लागले, आपल्याला अठरा शुक्रवार लागतील. मधे शाळेच्या परीक्षा आणि दिवाळी धरली तर फेब्रुवारी उजाडेल. वेळ सकाळी साडेनऊची. आठवीच्या पुढची मुले आणि त्यांचे आईबाबा, दोघांनीही यायचे आहे. मुलांना सोडून लुलूमध्ये खरेदीला जायचे नाही! ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा मुलांसाठी आजी-आजोबांनी मोठ्याने वाचावे, हल्ली बऱ्याच घरी ते हिवाळ्यात येतातच. पहिल्या दिवशी सत्यकामाची गोष्ट आमची मुले नाटुकल्यातून करणार आहेत. जबालेची भूमिका कोणी करायची यावरून सध्या मुलींत भांडण चालू आहे.

पुस्तकाच्या पवनारच्या परंधाम प्रकाशनाच्या पंधरा प्रती पुण्यात आणून ठेवल्या आहेत. पुढच्या महिनाभरात तिकडून येणाऱ्या कोणाच्या सामानात चार-पाच किलोंची जागा असेल तर कृपया कळवावे.